रात्री ब्लोअर बंद ठेवला तर?

इचलकरंजीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं बाकी काही इथे देत नाही.

वय ३४. पुण्यात आयटीत नोकरी करत होत्या. तीन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि घरच्या प्रोसेसची, म्हणजे कापड-प्रक्रियेच्या कारखान्याची, जबाबदारी त्यांच्यावर आणि धाकट्या काकांवर आली. सुती कापडाचं ब्लीचिंग आणि डाईंग, साठेक कामगार, सांडपाणी शुद्ध करायला स्वतःचा ईटीपी. २०१९ च्या महापुरात कारखान्यात पाच फूट पाणी होतं. त्यातून उठतात तोवर लॉकडाऊन लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि त्यांना काम देणाऱ्या व्यापाऱ्याच्या ऑर्डरी जवळपास निम्म्यावर आल्या. ती घडी अजून बसलेली नाही. घरच्या बैठकीत काकांनी चार गोष्टी मांडल्या. ईटीपीच्या टँकमध्ये हवा सोडणारा ब्लोअर रात्री आठ ते सकाळी सहा बंद ठेवायचा, म्हणजे महिन्याला तीस हजार वाचतील. दोन ऑपरेटरांपैकी एकाला कमी करायचं. कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं गरम पाणी, बॉयलरला परत आणण्याचं चार लाखांचं काम रद्द करायचं. आणि अगदीच अडलं तर रात्री थोडं पाणी तसंच नाल्यात सोडायचं, शेजारीपाजारी करतात तसं.

ताई लिहितात : ‘काका म्हणतात, आधी पोट, मग पर्यावरण. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. पर्यावरण ही बरे दिवस असतानाची चैन आहे का? की मीच पुस्तकी विचार करतेय?’

ताई,

पत्र वाचून झाल्यावर मी आधी काकांचा आकडा कागदावर मांडला. तुमचा ब्लोअर १५ हॉर्सपॉवरचा, म्हणजे साधारण ११ किलोवॉट. रात्रीचे दहा तास बंद राहिला तर ११० युनिटं, महिन्याला ३,३००. युनिटला नऊ रुपये धरले तर तीस हजारांच्या आतबाहेर येतं. म्हणजे काका हवेत बोलत नाहीत. पगाराची तारीख तोंडावर आली की तीस हजार म्हणजे दोन माणसांचा पगार असतो.

हे आधी लिहिलं, कारण तुमच्या पत्रात काका थोडे खलनायकासारखे उभे राहिलेत. २०१९ ला पाणी ओसरल्यावर महिनाभर चिखल उपसून पहिला जिगर, म्हणजे कापड रंगवायचं यंत्र, चालू करणारे तेच होते, हेही तुम्हीच लिहिलं आहे. त्यांना कारखाना वाचवायचाय, तुम्हालाही तोच वाचवायचाय. तेव्हा तत्त्वाचा वाद थोडा बाजूला ठेवून, ते नेमकं काय बंद करायला निघालेत ते नीट बघू.

ईटीपीकडे आपण यंत्र म्हणून बघतो. पंप, ब्लोअर, पॅनेल. रात्री बटण दाबलं की बंद, सकाळी दाबलं की चालू. पण एअरेशन टँकमध्ये खरं काम करतं ते यंत्र नव्हे, ते जितराब आहे. कोट्यवधी जिवाणू तुमच्या पाण्यातली खळ, साबण, स्टार्च खाऊन जगतात. त्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, लिटरमागे दीड-दोन मिलिग्रॅम. भरल्या टँकवरचा ब्लोअर बंद झाला की तो ऑक्सिजन फार वेळ पुरत नाही. गोठ्यातल्या म्हशीचं रात्रभर नाक दाबून ठेवायचं आणि पहाटे चरवी घेऊन बसायचं, असला हा प्रकार आहे. चांगल्या टँकचा रंग चॉकलेटसारखा तपकिरी असतो आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. रोज रात्री हवा तुटायला लागली की काही दिवसांत पाणी काळपट पडतं, नासक्या अंड्याचा वास यायला लागतो, आणि खाली बसायचा तो गाळ वर तरंगत आउटलेटमधून निघून जातो. मग दिवसा ब्लोअर कितीही चालवा, त्याला काम करायला टँकमध्ये कुणी उरलेलं नसतं. तीस हजार वाचवताना उरलेल्या चौदा तासांची वीजही वाया जाते. काकांच्या हिशेबात हा रकाना नव्हता.

२०२० च्या लॉकडाऊननंतर मी एकाच गावातल्या दोन प्रोसेस पाठोपाठ पाहिल्या. एकीच्या मालकाने मार्चअखेर कुलूप लावलं ते थेट जूनमध्ये उघडलं. टँक मेलेला होता. शेणकाला, युरिया, डीएपी घालून तो पुन्हा जिवंत करायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत कापड होतं, ऑर्डर होती, गावी गेलेले कामगारही परतले होते. फक्त पाणी सोडता येत नव्हतं, म्हणून काम घेता येत नव्हतं. दुसरीचा ऑपरेटर कारखान्याच्या आवारातच राहायचा. मालक त्याला म्हणाला होता, तुझा पगार चालू राहील, टँकला मरू देऊ नकोस. तो माणूस दिवसातून चार वेळा तासभर ब्लोअर लावायचा आणि संध्याकाळी बादलीभर गुळाचं पाणी टँकमध्ये ओतायचा. एवढंच. तिथे काम सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आउटलेटचं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मर्यादेत होतं. पहिल्या मालकाकडे जाणारं दोन महिन्यांचं काम त्या गुळाच्या बादलीने दुसरीकडे वळलं.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. रात्री दहा तास सलग ब्लोअर बंद ठेवायचा नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट काकांच्या बाजूची आहे. काम निम्म्यावर आलं असताना ब्लोअर पूर्ण दमाने चालवणं हीही उधळपट्टीच आहे, आणि ती काकांना दिसली, तुम्हाला दिसली नाही. उपाय मधला आहे. ऑक्सिजन मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घ्या. रात्रीच्या वेळी टँकमध्ये ऑक्सिजन दोनच्या बराच वर असेल तर ब्लोअरला टायमर लावा, तासभर चालू, अर्धा-पाऊण तास बंद. ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी बसवता आला तर आणखी चांगलं. मीटर जे सांगेल त्याप्रमाणे चाला, तीस हजारांतले दहा-बारा हजार असे वाचावेत आणि जितराबही जगेल.

आता चौथा मुद्दा आधीच घेतो, कारण त्यावर मधला मार्ग नाही. रात्री पाणी तसंच सोडायचं नाही. थोडंही नाही, अडल्यावरही नाही. पंचगंगा पुढे शिरोळ तालुक्यातून जाऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेतल्या गावांत तिचंच पाणी शेतात जातं आणि घागरीतही जातं. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेले मासे वर आले की ती गावं कशी पेटून उठतात हे तुम्ही तिथेच राहून पाहिलं आहे. २०१२ च्या काविळीच्या साथीत तुमच्या शहरात माणसं दगावली. ती साथ मैल्याच्या पाण्याची होती, रंगाच्या नव्हे, हे मला माहीत आहे. पण ज्या नदीने एकदा घरातलं माणूस नेलं, तिच्यात रात्री कुणी काय सोडतंय हा प्रश्न त्या घराला तांत्रिक वाटत नाही. मलाही वाटत नाही.

काकांना आकडाच हवा असेल तर तोही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरण भरपाईचं एक सूत्र आहे. कापडाचं ब्लीचिंग-डाईंग लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, गटात येतं, त्याचे ८० गुण. ते गुणिले नियमभंगाचे दिवस, गुणिले रुपयांचा गुणक, जो सहसा २५० धरतात, गुणिले लघुउद्योगासाठी अर्धा. दहा लाखांच्या आतल्या वस्तीसाठी आणखी वाढ होत नाही. गुणाकार करा, दिवसाला दहा हजार रुपये येतात. महिनाभराच्या ब्लोअरची बचत तीन दिवसांत संपली. शिवाय १९७४ च्या जल कायद्यातलं कलम ३३अ मंडळाला कारखाना बंद करण्याचा आणि वीज-पाणी तोडायला सांगण्याचा अधिकार देतं. ऑर्डरी निम्म्या असताना तुम्ही कसंबसं तरून जाल. वीज तुटल्यावर नाही.

‘शेजारीपाजारी करतात’ हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. म्हणजे ते टोचतंय. म्हणून तिरुपूरची गोष्ट सांगतो. धंदा तुमचाच, नदी वेगळी. तमिळनाडूतल्या नोय्यल नदीत तिथली डाईंग-ब्लीचिंग युनिटं वर्षानुवर्षं पाणी सोडत होती. खाली ओरतुपाळयम धरण बांधलं ते शेतीसाठी, १९९२ च्या सुमारास. त्यात साठलं ते रंगाचं, मिठाचं पाणी. विहिरी खारावल्या, जमिनी गेल्या. शेतकरी कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्गाचा, म्हणजे सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याचा, आदेश दिला, मुदती दिल्या, मुदती टळल्या. शेवटी २०११ च्या जानेवारीत सगळी युनिटं सरसकट बंद करायला सांगितलं, सातशेच्या आसपास. शून्य विसर्ग दाखवल्याशिवाय चालू करायचं नाही. त्यांत वर्षानुवर्षं पाणी चोरून सोडणारे होते आणि लाखो रुपये खर्चून प्लांट उभारणारेही होते. कुलूप सगळ्यांना लागलं. निटिंगवाले, शिलाईवाले, पॅकिंगवाल्या बायका, सगळ्यांची कामं बुडाली. रंगवायचं कापड ट्रकने दुसऱ्या गावांना जायला लागलं.

तेव्हा शेजाऱ्याने रात्री सोडलेलं पाणी हे तुमच्याच धंद्यावरचं संकट आहे. तुम्ही सोडलं तर त्याच्या धंद्यावरचं. ही गोष्ट तुमच्या प्रोसेसर्सच्या असोसिएशनमध्ये उघड बोलायला हवी, आणि तुमच्या पिढीने बोलायला हवी. एकटीने शेजाऱ्याची तक्रार करा असं मी सांगत नाही. सगळ्यांच्या आउटलेटचा मासिक रिपोर्ट असोसिएशनच्या बैठकीत टेबलावर यावा, एवढी मागणी करा. सुरुवातीला स्वतःचा ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. पर्यावरण ही चैन आहे का? मला वाटतं, प्रश्न विचारतानाच तुम्ही आणि काकांनी मिळून एक गोष्ट गृहीत धरली आहे. ईटीपी, कंडेन्सेट, गाळ, ऑपरेटर हे सगळं ‘पर्यावरण’ नावाच्या एका खात्यात टाकलं आणि जिगर, स्टेंटर, बॉयलर ‘धंदा’ नावाच्या खात्यात. मग तंगी आली की कुठल्या खात्यावर कात्री चालवायची ते ठरलेलंच. काका ‘आधी पोट’ म्हणतात, तुम्ही ‘पण तत्त्व’ म्हणता, आणि खात्यांची ही वाटणीच चुकली आहे हे दोघांनाही दिसत नाही. पाणी बाहेर काढता येत नाही तो डाईंगचा कारखाना कापड रंगवू शकत नाही. मग ईटीपी हा तुमच्या उत्पादनाचाच शेवटचा टप्पा झाला की नाही?

दुसरं गृहीत संकटाविषयीचं. तुमच्या पत्रात संकट म्हणजे ऑर्डरी. पण गेल्या काही वर्षांचा तुमचाच इतिहास बघा. एकदा नदी आत आली. एकदा देशच बंद झाला. आता सातासमुद्रापलीकडच्या एका सहीने काम गेलं. तिन्ही संकटं वेगळी, एकानेही आधी कळवलं नाही. पुढचं मंदीचंच असेल असं कशावरून? पाणीटंचाईचं असेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि मिरज तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. एका संकटात पैसे वाचवताना दुसऱ्याला दार उघडून देत नाही ना, एवढं बघायचं.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण विशाखापट्टणमचं. ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली. कारखाना लॉकडाऊनमुळे बंद होता. शेजारच्या वस्तीत बारा माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. राज्य सरकारच्या समितीने जे शोधलं त्यात कुठली आकाशातून पडलेली गोष्ट नव्हती. टाकीचं तापमान सगळीकडे नीट मोजलं जात नव्हतं, रसायन घट्ट होऊ नये म्हणून घालायचा पदार्थ पुरेसा नव्हता, आणि थंड ठेवणारी यंत्रणा दिवसरात्र चालवली जात नव्हती. कारखाना बंद होता, टाकीतलं रसायन बंद नव्हतं. तुमचा ईटीपी कुणाचा जीव असा घेणार नाही. पण ‘काम नाही, मग रात्री कशाला चालवायचं’ हे वाक्य मला तेव्हापासून साधं वाटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पर्यावरण नीट सांभाळलं की धंदा संकटात आपोआप तरतो, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर मान डोलावू नका. यावर मोठ्या कंपन्यांचा अभ्यास झालेला आहे. २००८-०९ च्या मंदीत ज्या अमेरिकन कंपन्यांची सामाजिक-पर्यावरणीय कामगिरी आधीपासून चांगली होती, त्यांच्या शेअरचा परतावा इतरांपेक्षा ४ ते ७ टक्के-अंकांनी जास्त राहिला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. २०२० च्या कोविडच्या पडझडीवर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. काहींना तसाच फायदा दिसला, काहींना कंपनीची बाकीची ताकद वजा केल्यावर काहीच उरलं नाही. २००८ च्या अभ्यासाने दिलेलं कारण मला महत्त्वाचं वाटतं. बाजारातला विश्वासच उडालेला असताना, ज्यांनी तो आधी कमावून ठेवला होता त्यांना तो कामी आला. शेअरबाजार तुमच्या कारखान्यापासून लांब आहे. पण बँकेचा मॅनेजर, व्यापारी, मंडळाचा फील्ड ऑफिसर, नाल्याकाठची वस्ती हे लांब नाहीत, आणि अडचणीच्या वेळी तुमचं ऐकून घ्यायचं की नाही हे ती मंडळी आधीच ठरवून बसलेली असतात.

आता करायचं काय. काही खर्च खरंच थांबवता येतील, आणि थांबवावेत. व्यापाऱ्याने मागितलेलं नाही असं एखादं सर्टिफिकेट यंदा नूतनीकरण केलं नाही तर चालेल. कर्ज काढून छतावर सोलर बसवायचा विचार होता असं तुम्ही लिहिलंय, तो वर्षभर पुढे ढकला. सोलर चांगलंच आहे, पण डोक्यावर हप्ता असताना दुसरा हप्ता नको.

काम निम्मं झालंय तर आठवड्याचे सहाही दिवस अर्ध्या दमाने चालवू नका. फिके रंग आधी, गडद नंतर, सारख्या शेड एकत्र, असे लॉट लावून चार दिवस पूर्ण भाराने चालवा. अर्ध्या भारावरचा बॉयलर कापडाच्या मीटरमागे जास्त जळण खातो. दोन लॉटच्या मधलं धुणं कमी झालं की पाणीही कमी लागतं. चार दिवसांचं सांडपाणी इक्वलायझेशन टँकमध्ये साठवून ईटीपीला सातही दिवस थोडं थोडं द्या, म्हणजे टँकला रोज खाणं मिळेल. तेवढी साठवण तुमच्या टँकमध्ये आहे का ते ऑपरेटरला विचारा. नसेल तर पाच दिवस चालवा.

कंडेन्सेटचं काम रद्द करू नका. काकांच्या चार मुद्द्यांपैकी मला सगळ्यात जास्त हाच खटकला, कारण हा खर्च पैसे परत देतो. बॉयलरला जाणारं पाणी सहा अंशांनी गरम झालं की जळण साधारण एक टक्का वाचतं, हा जुना, खात्रीचा हिशेब आहे. तुमचं फीडवॉटर ३० अंशांचं आहे. सगळं कंडेन्सेट परत येणार नाही, जिगरमध्ये थेट वाफ सोडता ती तर नाहीच. तरी ड्रायिंग सिलिंडरचं पाणी आणून ते ६० अंशांवर गेलं तर पाच टक्के. महिन्याचं जळण सहा लाखांचं असेल तर तीस हजार. बघा, काकांचा आकडा इथे सापडला. चार लाख तेरा-चौदा महिन्यांत वसूल होतात, आणि त्यासाठी कुणाचं नाक दाबावं लागत नाही. चार लाख एकदम नसतील तर दोन टप्प्यांत करा, बॉयलरच्या सगळ्यात जवळचे सिलिंडर आधी.

ऑपरेटरांपैकी कुणालाही काढू नका. टँकचा रंग बघून काल काय सोडलं होतं ते सांगणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. काम कमी आहे तर दोघांपैकी एकाला दिवसा बॉयलरच्या पाण्याची तपासणी, वाफेच्या गळत्या, वॉटर मीटरच्या नोंदी हे काम द्या.

मग पूर. जूनच्या आधी तीन गोष्टी उरकून घ्या. २०१९ ची पाण्याची खूण भिंतीवर असेलच. हायड्रोजचे, म्हणजे रंगकामात लागणाऱ्या त्या पावडरीचे, ड्रम त्या खुणेच्या वर, कोरड्या जागी चढवा. हायड्रोजला पाणी लागलं की तो तापतो आणि पेट घेतो. पुरात बुडालेल्या गोदामातून धूर का येतोय हे न कळल्याने माणसं आत शिरतात. ईटीपीचा गाळ पावसाळ्याआधी अधिकृत ठिकाणी पाठवून टाका. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही असा नियम आहेच, पण पुरात त्या गोण्या फुटून शेजारच्या उसात गेल्या तर नियमाची आठवण करून द्यायला शेतकरीच दारात येईल. आणि विमा. आगीच्या पॉलिसीत एसटीएफआय, म्हणजे वादळ-पुराचं कलम, आहे की पैसे वाचवायला एजंटने काढून टाकलंय, ते आज कपाट उघडून बघा. स्टॉकच्या नोंदींची प्रत घरी किंवा ऑनलाइन ठेवा. २०१९ ला अनेकांचा क्लेम माल भिजल्याने अडला नाही, रजिस्टर भिजल्याने अडला.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय आणि त्यावर कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. ‘व्यापाऱ्यांकडे चार महिन्यांची जॉबवर्कची उधारी आहे.’ ताई, पैसा तिथे आहे. तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे, आणि आता आयकर कायद्यामुळे मुदत टळून मार्चअखेरही थकलेल्या रकमेची वजावट त्याला त्या वर्षी मिळत नाही. ही गोष्ट भांडणाच्या सुरात नाही, मार्चच्या आधी चहा पिताना सांगा. काकांना हे काम द्या. चाळीस वर्षांची त्यांची ओळख इथे कामाला येईल, ईटीपीच्या बटणावर नाही. बँकेकडेही हप्ता थकण्याच्या आधी जा. अडचणीतल्या लघुउद्योगांची खाती फेरआखणीसाठी समितीपुढे ठेवायची तरतूद २०१५ पासून आहे. थकल्यावर गेलेल्या माणसापेक्षा आधी गेलेल्याचं म्हणणं वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

आणि नवी ऑर्डर शोधताना आउटलेटच्या पाण्याचे रिपोर्ट फाइलला लावून न्या. अमेरिकेचं काम आटलं की सगळे युरोपकडे वळतात, आणि तिथल्या ब्रँडना माल देणारे निर्यातदार प्रोसेसवाल्याकडे पहिला प्रश्न सांडपाण्याच्या तपासणीचाच विचारतात. तुमच्याकडे सलग बारा महिन्यांचे रिपोर्ट असतील तर बोलणं भावावर सुरू होईल. मधले दोन महिने गायब असतील तर त्या दोन महिन्यांवर सुरू होईल.

हे फक्त प्रोसेसवाल्यांपुरतं नाही. शिरोली-गोकुळ शिरगावातला फाउंड्रीवाला असो, लोट्यातला केमिकलवाला असो की नाशकातला बेदाणा-द्राक्षांचा प्रक्रियावाला, तंगीत कात्री लावण्याआधी प्रत्येकाने एकच यादी करावी. कुठली गोष्ट बंद केली तर उद्या बटण दाबून चालू होईल आणि कुठली होणार नाही. दिवे, एसी, गाडी पहिल्यात. टँक, अनुभवी माणूस, नदीकाठच्या गावाचा विश्वास दुसऱ्यात.

राहिले काका. त्यांच्याशी पर्यावरणावर बोलू नका. त्यांना सोमवारी सकाळी टँकवर घेऊन जा. एक लिटरचं काचेचं मेजरिंग सिलिंडर घ्या, एअरेशन टँकमधलं पाणी काठोकाठ भरा, सावलीत ठेवा आणि घड्याळ लावून तीस मिनिटं दोघं तिथेच बसा. चहा मागवा. हळूहळू गाळ खाली बसेल आणि वर नितळ पाणी दिसायला लागेल. गाळ कुठल्या खुणेपर्यंत आला ते काकांना वाचायला सांगा. २५० ते ३०० च्या दरम्यान असेल आणि रंग तपकिरी असेल तर तुमचं जितराब धडधाकट आहे. मग टायमरची गोष्ट काढा आणि काकांनाच तो बसवून घ्यायला सांगा. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी हा आकडा वहीत लिहा. तो रोज थोडा थोडा घसरायला लागला, किंवा सिलिंडरला नाक लावल्यावर वास बदललेला वाटला, तर रात्रीचा बंद वेळ त्याच दिवशी कमी करा. आणि सोमवारीच आकडा १०० च्या खाली दिसला, तर कुणी आधीच रात्री ब्लोअर बंद ठेवतंय का, अशी शंका घ्या. कुणाला ओरडू नका, ऑपरेटरला बाजूला घेऊन शांतपणे विचारा आणि मला लगेच कळवा.